पंपात उरलेलं औषध दारातल्या झाडाला नको



द्राक्षाची फवारणी झाली की पंपात लिटर-दोन लिटर औषध उरतं. वाया कशाला घालवायचं म्हणून ते दारातल्या जास्वंदीवर, कढीपत्त्यावर, तुळशीवर मारलं जातं. आमच्या भागात ही सवय घरोघरी आहे. माझं मत सरळ आहे, ही सवय मोडली पाहिजे.

बागेत आपण काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची ते लेबलवर बघतो. निर्यातीचा माल असला तर एकेक दिवस मोजतो, रेसिड्यूची तपासणी करून घेतो. परक्या मुलखातल्या गिऱ्हाइकासाठी एवढी काळजी, आणि घरचा कढीपत्ता मात्र आज फवारला की उद्या फोडणीत. तुळशीचं पान लेकरं जाता-येता तोंडात टाकतात. तिथले दिवस कोण मोजतंय? मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला बंदी आहे. मग कढीपत्ता काय भाजीपाल्याहून वेगळा झाला?

दुसरी गोष्ट, कीड न ओळखता मारलेलं औषध लागू पडतंच असं नाही. आधी पान उलटं करून नीट बघा.

▪ मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण : पेरात, देठाच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका. अंगावर मेण असतं, म्हणून औषध आत पोचत नाही.
▪ मावा : कोवळ्या शेंड्यावर, कळीवर हिरवे-काळे मऊ किडे. पानं चिकट होतात, त्यावर काळी बुरशी चढते.
▪ खवले कीड : फांदीवर तपकिरी टरफलं. झाडाचाच भाग वाटतो, पण नखानं खरवडलं की निघतात.
▪ पांढरी माशी : झाड हलवलं की पानाखालून भुर्रकन उडते.
▪ लाल कोळी : पानावर बारीक फिकट ठिपके, पुढं बारीक जाळी. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका, ठिपके चालायला लागले तर कोळी समजा. हा कीटक नव्हे, याला आठ पाय असतात. म्हणून माव्याचं औषध याला चालत नाही, उलट कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो वाढतो.
▪ तुळशीचा ढेकूण : पानं मुरडतात, फिकट पडून वाळतात, पानाखाली काळे ठिपके दिसतात.

आता उपाय. मावा आणि कोळी यांना सकाळी पाइपनं पानाच्या खालून जोराचं पाणी मारा. तीन-चार दिवसांनी पुन्हा मारा. निम्मं काम इथंच होतं. खवले आणि मिलीबग जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा. साबण पातळ घ्या, लिटरला एक छोटा चमचा. कपडे धुवायची पावडर नको, पानं करपतात. आधी दोन पानांवर लावून दुसऱ्या दिवशी बघा, मग सगळ्या झाडाला. निंबोळी पावडर 50 ग्रॅम एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, त्याच दिवशी संध्याकाळी फवारली तरी चालते. कढीपत्त्याची खराब फांदी सरळ छाटा, नवी फूट येते. तुळशीची मुरडलेली पानं आणि शेंडे खुडून टाका. आणि या सगळ्याला हाताची स्प्रे बाटली घ्या, शेताचा पंप नको.

मुंग्यांकडं लक्ष ठेवा. चिकट गोडीसाठी मुंग्या मिलीबगची राखण करतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना जवळ येऊ देत नाहीत. खोडाला चिंधी बांधून वर ग्रीस लावलं की मुंग्यांची वाट बंद होते.

द्राक्षवाल्यांनी एक गोष्ट खास ध्यानात घ्या. जास्वंदीवर मिलीबगच्या दोन-तीन जाती येतात. त्यातली गुलाबी जात आली की शेंडा गोळा होतो, पानं चुरगळतात. हीच जात आपल्या वेलीच्या सालीखाली दडते आणि पुढं घडात शिरते. तिचं इंग्रजी नावच जास्वंदीवरून पडलंय. म्हणजे दारातली जास्वंद ही बागेचीच हद्द समजा. छाटलेले शेंडे बांधावर फेकू नका, पिशवीत बांधून जाळा.

आणि पांढरं दिसलं की मारायचं, असंही करू नका. क्रिप्टोलिमस नावाचा भुंगेरा मिलीबग खातो. 1898 साली तो ऑस्ट्रेलियातून भारतात आणला, आज द्राक्षबागेतही सोडतात. त्याच्या अळीच्या अंगावरसुद्धा पांढरे धागे असतात, म्हणून लोक तिलाच मिलीबग समजून चिरडतात. ती मिलीबगपेक्षा मोठी असते, धागे लांब असतात आणि चटचट चालते. दिसली तर तिला तिचं काम करू द्या.

कोणी म्हणेल, एवढ्याशा औषधानं काय होतंय? अहो, एवढंसंच रोज पोटात जातंय ना. बागेत एकरभर माल आहे, तिथं औषधाशिवाय भागत नाही, हे मीही मान्य करतो. पण दारात चारच झाडं आहेत. ती हातानं सांभाळता येतात. घरातल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना हे काम शिकवा, पोरांची नजर आपल्यापेक्षा बारीक असते.

उरलेल्या औषधाचं म्हणाल तर क्षेत्र बघून मापातच कालवा, म्हणजे उरायचा प्रश्नच येणार नाही.

तुमच्याकडं दारातल्या झाडांवर कुठली कीड आहे, पानाच्या खालच्या बाजूचा फोटो टाका. मिळून ओळखू.