आडनाव विचारणारे दार

शहराच्या जुन्या वस्तीत प्रशस्त घर भाड्याने घेणे ही चैन आहे, असे आमच्या काही बांधवांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत शाळा, ग्रंथालये व दवाखाने हाकेच्या अंतरावर आहेत. तेथील मुलास ज्या सोयी जन्मतःच लाभतात, त्यांसाठी आमच्या मुलास निम्मे आयुष्य खर्चावे लागते. घरात एक खोली अधिक असणे म्हणजे अभ्यासाला जागा असणे. परळच्या चाळीतील दोन खोल्यांत संसार व अध्ययन केलेल्या बाबासाहेबांनी पुढे दादरला ‘राजगृह’ बांधले, तेव्हा ग्रंथांच्या जागेचा विचार आधी केला, हे आपण विसरू नये.

परंतु या घरांच्या दारात भाड्याच्या आधी आडनाव विचारले जाते. त्याने उलगडा न झाल्यास गाव विचारतात, खाणेपिणे विचारतात, आणि मग ‘जागा कालच गेली’ असे गोड उत्तर मिळते. ही रीत जुनी आहे. १९१७ साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोद्याच्या नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांस त्या राजधानीत राहावयास जागा मिळेना. नाइलाजाने पारशी नाव सांगून ते पारशांच्या विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या टोळक्याने त्यांस तेथून निघून जाण्यास फर्मावले. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. केवळ विद्येने दार उघडत नाही आणि घेतलेल्या नावाचा आसरा टिकत नाही, हे दोन धडे त्यातून मिळतात.

म्हणून आज आडनाव झाकून घर मिळविणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. दोष विचारणाऱ्याचा आहे. तथापि, ज्या घराच्या भिंतीवर बुद्धाची व बाबासाहेबांची तसबीर लावण्यास भय वाटते, जेथे मुलास आजोबांचे नाव दबक्या आवाजात सांगावे लागते, ते घर कितीही ऐसपैस असले तरी अरुंदच होय.

कायदा आपल्या बाजूस आहे, तो माहीत असावा. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यान्वये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा असून त्यास एक ते सहा महिने कारावास व दंड अशी शिक्षा आहे. मात्र गोड नकार सिद्ध करणे कठीण असते. म्हणून घर पाहण्यास एकटे जाऊ नये, बोलणे शक्य तो लेखी ठेवावे आणि नकाराचे कारण स्पष्ट विचारावे. घर मिळाल्यावर करार नोंदवूनच घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा नसेल तर, ग्राह्य धरले जाते.

शेवटी एक गोष्ट स्वतःस विचारू. आपल्यापैकीही आज अनेकजण घरमालक झाले आहेत. आपल्या दारी मातंग, चर्मकार, भटका वा मुसलमान कुटुंब येते, तेव्हा आपण भाडे विचारतो की आडनाव? धम्मदीक्षेच्या वेळी समतेची प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाच्या दारी हा प्रश्न उच्चारला जाता कामा नये. दुसऱ्याचे दार ठोठावण्याचे नैतिक बळ आपल्याच उंबरठ्यावर मिळवावे लागते.