राजा आहे, पण हुकूम नाही!

आमच्या जेसल पार्कातल्या एका चौथीतल्या मुलाने विचारलं, “इंग्लंडला राजा आहे, मग पंतप्रधान कशाला?” प्रश्न झकास आहे की नाही?

तिथे कायदा करते संसद. राजा फक्त संमती देतो. ‘नाही’ म्हणायचा हक्क कागदावर आहे, पण १७०८ नंतर तो कुणीच वापरलेला नाही!

असा राजा आपल्याकडे होता का? होता तर! साताऱ्याकडचं औंध संस्थान आठवा. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे सूर्यनमस्कार घरोघरी नेणारे. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यघटना दिली आणि सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. गावोगावी पंचायती निवडून आल्या. राजे गादीवर राहिले, कारभार लोकांचा झाला. पुढे १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं.

आज आपल्याकडे राजा नाही, निवडून आलेले राष्ट्रपती असतात. तेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. सल्ला पटला नाही, तर ‘पुन्हा विचार करा’ असं एकदा सांगू शकतात. तोच सल्ला परत आला, तर मानावाच लागतो. मग त्यांचा उपयोग काय? सरकारं येतात, जातात. पण नव्या पंतप्रधानांना शपथ द्यायला पक्षांच्या भांडणाबाहेरचं कुणीतरी हवंच ना!

खुर्ची मिळाली की हुकूम सोडायला सगळ्यांनाच जड जातं, मॉनिटरलासुद्धा! तुमच्या वर्गात खेळ कोणता खेळायचा, हे कोण ठरवतं? एकटा मॉनिटर, की सगळे मिळून? घरी आई-बाबांशी बोला आणि उद्या वर्गात करून बघा!