संख्येचं भय आणि देवणीचा वाण

सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेनं एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क बसवलं, तेव्हा देवणी, उदगीर, निलंग्याकडच्या कितीतरी घरांत काळजी पसरली. लातूरला शिकवणी लावून, जमिनीचा तुकडा विकून, पुण्या-हैदराबादेत इंजिनिअर केलेली लेकरं आता कुठं जाणार? त्याआधी 20 जानेवारी 2025 रोजी तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी जन्मसिद्ध नागरिकत्वावर घाव घालणारा आदेश काढला होता. आईबाप तात्पुरत्या व्हिसावर असतील तर अमेरिकेत जन्मलेलं त्यांचं बाळ नागरिक नाही, असं तो आदेश म्हणत होता. त्याला लगेच न्यायालयांत आव्हान दिलं गेलं, पण आपल्या लोकांच्या मनाला जे लागायचं ते लागलंच. गोऱ्यांना आपली संख्या घटेल अशी भीती वाटते आणि त्या भीतीची किंमत आपल्या मुलांनी का मोजायची, हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला. प्रश्न रास्त आहे आणि त्यामागचा रागही रास्त आहे.

मला बोलायचं आहे ते त्यानंतरच्या वाक्याबद्दल. अमेरिकेवर रागावलेला तोच माणूस पुढच्या श्वासाला म्हणतो, “आपल्याकडं तरी काय वेगळं आहे? बिहारी आले, यूपीवाले आले. असंच चाललं तर वीस वर्षांत मराठी माणूस आपल्याच मुलखात पाहुणा होईल.” तिकडं जी भीती अन्याय ठरते ती इकडं शहाणपण कशी ठरते? दोन्हीपैकी एक भूमिका सोडावी लागेल. कोणती सोडावी याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पूर्वपक्ष मी हलका करून मांडणार नाही. आमच्या भागात तो मांडणारा माणूस देवणी गाईचा दाखला देतो, आणि तो दाखला काळजाला भिडतो. तो म्हणतो, “जर्सीनं देवणीचं जे केलं तेच परप्रांतीय आपलं करतील. एकेकाळी माळेगावच्या यात्रेत देवणीच्या वळूला बघायला झुंबड उडायची. आता दारादारांत संकरित गाय. वाण एकदा बुडाला की परत येत नाही.” दुसरं तो म्हणतो, “अमेरिका परक्यांनीच वसवलेला देश, त्यांना तक्रारीचा हक्क नाही. महाराष्ट्र मात्र भाषेसाठी मिळवलेला आहे, त्यासाठी माणसांनी गोळ्या झेलल्या आहेत.” दोन्ही मुद्द्यांत खरी तळमळ आहे, म्हणूनच त्यांना उत्तर दिलं पाहिजे.

आधी गाईचं. देवणीचा अभिमान मलाही आहे. पांढऱ्या अंगाची, काळ्या तोंडाची वानेरा, सगळी पांढरी बालंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली शेवेरा. दूधही देणारी आणि जिचा गोऱ्हा औतालाही चालतो अशी ही जात. लातूर, नांदेड आणि पलीकडचा बिदर हा तिचा मुलूख. पण ही जात आली कुठून? सौराष्ट्रातली गीर, सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यातली डांगी आणि इथली गावरान जनावरं यांच्या मिश्रणातून ती घडली, असं पशुपैदाशीचे जाणकार सांगतात. आपण ज्याला शुद्ध वाण म्हणून मिरवतो तो बाहेरून आलेल्या रक्तावर इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या केलेल्या निवडीचं फळ आहे. देवणी देवणी झाली ती इथल्या चाऱ्यावर, इथल्या उन्हात आणि इथल्या माणसांच्या हातांनी.

मग ती घटली का? जर्सी काही आपल्या पायांनी मराठवाड्यात आली नाही. डेअरीनं दुधाला लिटरमागं भाव दिला, तेव्हा कमी लिटर देणारी गाय तोट्यात गेली. सरकारी दवाखान्यातून संकरित रेतन दारापर्यंत आलं. ट्रॅक्टर आला आणि बैलाला मागणी उरली नाही. गायरानं अतिक्रमणात गेली, कडब्याचा भाव परवडेना. देवणीला मारलं ते या अर्थकारणानं. ज्याला देवणी वाचवायची आहे त्यानं गायरान सोडवावं, वळू जतन करावेत, देवणीच्या दुधाला वेगळा भाव मागावा. जर्सीला शिव्या घालून एकही देवणी कालवड वाढलेली नाही. आणि माणूस जनावर नाही, ही गोष्टही सांगावी लागते, इतकी ती विसरली गेली आहे. माणूस भाषा शिकतो, घर बदलतो, लग्न करतो, मत देतो. त्याचा वाण ठरवायला निघालेल्यांनी जगात काय केलं, याचा इतिहास फार जुना नाही.

अमेरिकेचा इतिहास मला इथं मुद्दाम सांगायचा आहे, कारण त्यात आपलं प्रतिबिंब दिसतं. 1790 च्या पहिल्याच नागरिकत्व कायद्यानं तिथं बाहेरून आलेल्यांपैकी फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’ना नागरिक होता येत होतं. 1882 मध्ये चिनी मजुरांना दार बंद झालं. 1916 मध्ये मॅडिसन ग्रँट नावाच्या वकिलानं ग्रंथ लिहून इशारा दिला की महान वंश नामशेष होतो आहे. त्याला भय होतं ते इटालियन, ज्यू आणि पूर्व युरोपातून येणाऱ्या लोकांचं. 1924 च्या कायद्यानं त्यांचाही कोटा आवळला. आज त्याच इटालियनांची आणि पोलिशांची नातवंडं गोऱ्यांत मोजली जातात, आणि त्यांच्यापैकी काहीजण मेक्सिकनांकडं आणि आपल्याकडं बोट दाखवून तेच वाक्य म्हणतात. ‘2045 च्या सुमाराला गोरे निम्म्याहून कमी होतील’ हा तिथल्या जनगणना खात्याचा अंदाज घरोघर पोचला आहे. पण आई स्पॅनिशभाषक आणि बाप गोरा असलेलं मूल त्या आकडेमोडीत कोणत्या रकान्यात पडतं, यावर ते सारं गणित उभं आहे. शंभर वर्षांपूर्वीचे रकाने लावले असते तर ग्रँटच्या लेखी ‘त्यांची’ अमेरिका केव्हाच संपली होती. बाहेर जन्मलेल्यांचं प्रमाण 1910 मध्ये 14.7 टक्के होतं, 1970 मध्ये ते 4.7 टक्क्यांवर आलं आणि आता पुन्हा 14 च्या वर गेलं आहे. एवढी चढउतार पचवून तो देश टिकला.

या इतिहासातला एक खटला प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवा. भगतसिंग थिंड हा पंजाबी तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेत होता. नागरिकत्व मागताना त्याच्या वतीनं सांगितलं गेलं की तो उच्चवर्णीय आर्य आहे, म्हणजे वंशानं गोरा आहे. खालच्या मानलेल्या लोकांपासून उच्चवर्णीय हिंदू जसा दूर राहतो तसाच गोरा अमेरिकन काळ्यांपासून राहतो, असाही आधार घेतला गेला. तीनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर 1922 मध्ये, ताकाओ ओझावा या जपानी माणसाला त्याच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन. 19 फेब्रुवारी 1923 रोजी थिंडला सांगितलं की कॉकेशियन असणं पुरेसं नाही, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि लहानपणी अमेरिकेत आलेले होते. त्यानंतर अनेक भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्वही काढून घेण्यात आलं. थिंडवर अन्याय झालाच. पण त्याच्या वतीनं मांडलेल्या युक्तिवादाचीही मला लाज वाटते. उच्च-नीचतेची शिडी मान्य करून तिच्यावर वरची पायरी मागितली की पायऱ्या मोजायचा हक्क दुसऱ्याच्या हाती जातो.

आपल्याला दार उघडलं ते या युक्तिवादानं नव्हे. 1946 मध्ये भारताला वर्षाला शंभर माणसांचा कोटा मिळाला. खरा बदल 1965 मध्ये झाला, जेव्हा वंशावर आधारलेली कोटा पद्धत मोडीत निघाली. 1964 चा नागरी हक्क कायदा आणि 1965 चा मतदान हक्क कायदा यांच्या पाठोपाठ, त्याच लाटेत तो कायदा आला. ती लाट उठवली होती रस्त्यावर लाठ्या खाणाऱ्या, तुरुंगात जाणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकनांनी. आपले डॉक्टर आणि इंजिनिअर जो व्हिसा घेऊन विमानात बसले तो या लोकांच्या लढ्याचा प्रसाद आहे. तिथं स्थिरावलेल्या मराठी घरांत मुलांना हे सांगितलं जायला हवं; फार कमी घरांत सांगितलं जातं.

2022 मध्ये मिशिगनमधून श्री ठाणेदार अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी अभिमानानं बातम्या छापल्या. ठाणेदार मूळचे बेळगावचे, आणि त्यांचा मतदारसंघ डेट्रॉईटचा, जिथं कृष्णवर्णीय मतदारांची संख्या मोठी आहे. त्या मतदारांनी बाहेरून आलेल्या, वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या बोलीच्या माणसाला निवडलं. उद्या लातूरमधून पाटण्याचा माणूस असाच निवडून आला तर आपण काय म्हणू, हे ज्यानं त्यानं स्वतःला प्रामाणिकपणे विचारावं.

आता दुसरा मुद्दा, भाषेचा. महाराष्ट्र भाषेसाठी झाला हे मला शंभर टक्के मान्य. पण भाषा संख्येनं वाचते, हे मराठवाड्यानं तरी मानू नये. निजामाच्या राज्यात मराठवाड्याच्या पाचही जिल्ह्यांत मराठी माणसंच बहुसंख्य होती. तरीही कचेरी उर्दूची, न्यायालय उर्दूचं, 1918 मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं. संख्या आपली होती आणि भाषा मात्र घरात कोंडलेली. सत्तेत वाटा नव्हता आणि शाळा नव्हत्या, म्हणून तसं झालं. त्या कोंडीविरुद्ध हैदराबादचा मुक्तिलढा ज्यांनी चालवला ते स्वामी रामानंद तीर्थ, मूळचे व्यंकटेश खेडगीकर, कानडी मुलखात जन्मलेले. त्यांनी हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला शाळा चालवल्या. आज देवणीचा मुलगा पदवी घेतो तेव्हा प्रमाणपत्रावर त्यांच्याच नावाच्या विद्यापीठाची मोहोर असते. नांदेडला तर गुरु गोविंदसिंगांच्या समाधीमुळं जगभर ओळख आहे, आणि गुरूंचा जन्म पाटण्याचा. बाहेरचा म्हणून यांना वगळलं तर मराठवाड्याच्या इतिहासात काय शिल्लक राहतं?

आणि सीमेवरच्या आम्हा लोकांना तर हा प्रश्न रोजचा आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत उदगीर बिदर जिल्ह्यात होतं. त्या दिवशी रेघ ओढली गेली. इकडचा भाग मुंबई राज्यात आला, भालकी-औराद म्हैसूरकडं गेले. सोयरीक दोन्हीकडं, बाजार दोन्हीकडं. माणूस जागचा हलला नाही आणि तिकडचा मराठी माणूस एका रात्रीत अल्पसंख्य झाला. त्याला मराठी शाळा मिळावी, मराठीत कागद मिळावेत, अशी मागणी आपण पिढ्यान् पिढ्या करत आहोत. ती मागणी कशाच्या बळावर टिकते? संख्येनं कमी असलेल्या माणसाचाही राज्यावर पूर्ण हक्क असतो, याच तत्त्वाच्या बळावर. इकडच्या कानडी, उर्दू, हिंदी बोलणाऱ्याला आपण ते तत्त्व नाकारलं, तर भालकी आणि बेळगावातल्या आपल्या माणसाची वकिली कोणत्या तोंडानं करणार?

पूर्वपक्षातलं खरं आहे ते मी मान्य करतो. परप्रांतीय मजूर आणणारा ठेकेदार त्याला कमी पैशात राबवतो, म्हणून स्थानिकाची मजुरी पडते, ही तक्रार खोटी नाही. 1979 साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला. एकाच कामाला बाहेरच्या मजुराला स्थानिकापेक्षा कमी मजुरी देता येणार नाही, हे त्यात होतं. ते अमलात आणा अशी मागणी करणारे मोर्चे मी फारसे पाहिले नाहीत. मजुराला हुसकावणारे पाहिले आहेत. ठेकेदार सुरक्षित राहिला आणि मार मजुरानं खाल्ला. देशानं आपल्या सरहद्दीवर कोण येतो हे ठरवावं, हेही मला मान्य आहे. तो प्रत्येक देशाचा हक्क आहे. पण कुणाला येऊ द्यायचं याचे नियम करणं वेगळं आणि जो आला, राहिला, राबला त्याला रक्तावरून परका ठरवणं वेगळं. 2019 मध्ये एल पासोत 23 आणि 2022 मध्ये बफेलोत 10 माणसं ज्यांनी मारली, ते ‘आपली जागा घेतली जाते आहे’ या विचारानंच पेटलेले होते. 2017 मध्ये कॅन्ससमध्ये हैदराबादच्या ज्या इंजिनिअरला गोळी घातली गेली, त्याला मारेकऱ्यानं इराणी समजलं होतं. ही भीती माणूस ओळखत नाही, ती फक्त रंग आणि बोली पाहते. पुण्यात खोली शोधणाऱ्या मराठवाड्याच्या मुलाला त्याच्या बोलीवरून जी वागणूक मिळते, तीही याच भीतीची लहान पिल्लावळ आहे.

माझं मांडणं असं आहे. मराठी टिकवायची तर जिल्हा परिषदेच्या शाळा टिकवा, पोरं नाहीत म्हणून त्या बंद होऊ देऊ नका. कचेरीत, बँकेत, दवाखान्यात मराठीचा आग्रह धरा, आणि तो आग्रह दुकानात राबणाऱ्या पोरावर हात उगारून नव्हे तर अधिकाऱ्याकडं अर्ज देऊन धरा. बाहेरून आलेल्यानं मराठी शिकावी ही अपेक्षा योग्य आहे. पण त्याला शिकवण्याची सोय कुठल्या गावात आपण केली आहे?

देवणी, उदगीर, निलंग्याच्या ज्या आईबापांची लेकरं आज अमेरिकेत आहेत त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या गावाजवळ वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर किंवा बांधकामावर परप्रांतातून आलेली कुटुंबं असतील. त्यांच्यासोबतच्या मुलांची नावं या जूनमध्ये जवळच्या मराठी शाळेत घालायला मदत करा. कागदपत्रं कमी असली तरी शिक्षण हक्क कायद्यानं त्यांना प्रवेश नाकारता येत नाही, हे मुख्याध्यापकांना सांगा.