खटपट कट्टा : दिवे लागले, गाणं कुठं गेलं?

दोस्तहो, या आठवड्याच्या टपालात एक मजेदार पत्र आलंय. नववीतली एक मैत्रीण लिहिते, 'मामाने त्याचा जुना सीडी प्लेअर मला दिला. पुढच्या काचेमागे दोन छोटे दिवे आहेत. चालू केला की ते नारिंगी होतात. गेल्या महिन्यापर्यंत छान वाजत होता. आता कुठलीही सीडी घातली की "नो डिस्क" अशी अक्षरं येतात. दुरुस्तीवाले म्हणाले, व्हॉल्व्ह गेलेत, दोन्ही बदलावे लागतील. ते महाग आहेत. आई म्हणते, त्यापेक्षा भंगारात दे. काय करू?'

थांब! भंगारवाल्याला हाक मारू नकोस आणि व्हॉल्व्हही मागवू नकोस. आधी गुन्हेगार शोधू. त्यासाठी पेटीच्या आत काय चालतं ते कळायला हवं.

एका पेटीत दोन कारखाने

तुमच्या आजोबांना विचारा, जुना रेडिओ बटण फिरवल्याबरोबर बोलायचा का? नाही! आधी तो तापायचा, मग बोलायचा. कारण त्यात व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. आतली तार तापली की धातूच्या एका नळकांड्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. १९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन फ्लेमिंग यांनी अशी नळी बनवली. तिच्यातून वीज एकाच दिशेने जायची, म्हणून नाव पडलं व्हॉल्व्ह, म्हणजे झडप. पुढे १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी मध्ये एक जाळी बसवली. जाळीवरचा विजेचा दाब किंचित बदलला, की पत्र्याकडे जाणारा प्रवाह भरपूर बदलतो. इवलासा आवाज मोठा करायची युक्ती सापडली ती इथे.

सीडी मात्र पुष्कळ नंतरची. पहिला सीडी प्लेअर १९८२ साली जपानमध्ये विक्रीला आला. बारा सेंटिमीटरच्या तबकडीत आतून बाहेर जाणारी एकच लांबलचक सर्पिल वाट असते. तिच्यावरचे सूक्ष्म खळगे लेसरचा किरण वाचतो. त्यातून आकडे मिळतात, डाव्या-उजव्या बाजूसाठी प्रत्येकी दर सेकंदाला ४४,१०० आकडे! एक चिप या आकड्यांपासून आवाजाची लहर तयार करते.

आता लक्ष द्या. व्हॉल्व्हवाल्या सीडी प्लेअरमध्ये व्हॉल्व्ह येतात ते या चिपच्याही नंतर, अगदी शेवटी. तयार झालेली लहर ते पुढे अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवतात. त्यांच्यामुळे आवाजाला किंचित वेगळा रंग येतो. तो काहींना गोड वाटतो, काहींना फरकच कळत नाही. ज्याची त्याची आवड! पण सीडी वाचण्याशी व्हॉल्व्हचा काहीही संबंध नाही.

मांडणी करताना

असा प्लेअर घरी आला, की आधी मागची पट्टी वाचा. परदेशातून आणलेला असेल, तर तो ११० व्होल्टचा असू शकतो. आपल्याकडे २३० व्होल्ट. तसाच लावलात, तर गाण्याऐवजी धूर निघेल! काही प्लेअरमध्ये प्रवासात लेसर हलू नये म्हणून तळाशी स्क्रू असतो. चालू करण्याआधी तो सोडवावा लागतो.

जागा सपाट आणि न हलणारी हवी. व्हॉल्व्ह तापतात, म्हणून वर हातभर नाही तरी वीतभर जागा मोकळी ठेवा. बंद कपाट नको, वर विणलेला रुमाल आणि फुलदाणी तर मुळीच नको. वायर जोडताना लाल म्हणजे उजवी बाजू, पांढरी म्हणजे डावी. अ‍ॅम्प्लिफायरवर 'सीडी' किंवा 'ऑक्स' लिहिलेल्या भोकात जोडा. 'फोनो' हे भोक रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं. त्यात जोडलं, तर आवाज फाटतो. चालू करताना आधी प्लेअर, मग अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना उलट. चालू केल्यावर अर्धा-एक मिनिट आवाज आला नाही, तर घाबरू नका. व्हॉल्व्ह तापताहेत.

निगा

सीडी पुसायची ती मऊ, कोरड्या फडक्याने, मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल का नाही? खळग्यांची वाट गोल फिरते. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत वाट जराशीच कापतो. साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची वाट खराब झाली, तरी प्लेअर हिशेब करून हरवलेले आकडे परत मिळवतो. पण ओरखडा वाटेच्या बाजूनेच गेला, तर लांबच लांब तुकडा गायब! आणि हो, चकचकीत बाजूपेक्षा नाव छापलेली बाजू जास्त जपा. चांदीसारखा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो.

व्हॉल्व्ह काही हजार तास सहज टिकतात. मात्र प्लेअर दिवसभर उगाच चालू ठेवू नका.

गुन्हेगार शोधू या

नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय झालं ते वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कुणामुळे काय झालं ते कळणारच नाही.

सगळ्यात आधी पडद्याकडे बघा. सेकंद पुढे सरकताहेत, पण आवाज नाही? म्हणजे सीडी वाचली जातेय. संशय वायर, अ‍ॅम्प्लिफायर किंवा व्हॉल्व्हवर. सेकंद सरकतच नाहीत? मग संशय सीडी आणि लेसरवर.

एकाच बाजूचा आवाज गेलाय? सगळं बंद करून प्लेअरच्या मागच्या दोन वायरींची अदलाबदल करा. मुका स्पीकर बदलला, तर दोष प्लेअरमध्ये. तोच स्पीकर मुका राहिला, तर प्लेअर निर्दोष!

व्हॉल्व्हकडे काचेतून नुसतं बघूनही पुष्कळ कळतं. नळीच्या आत वरच्या बाजूला आरशासारखा डाग असतो. उरलीसुरली हवा शोषायचं काम त्याचं. तो दुधासारखा पांढरा झाला, तर समजा नळीत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. तार तापतच नसेल, तर ती तरी तुटली आहे, नाहीतर पायांशी वीज पोचत नाही.

यापुढचं काम मात्र जाणकार माणसाचं. झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही! व्हॉल्व्हला शंभराहून जास्त व्होल्ट लागू शकतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. लेसरचा किरण डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण इजा करू शकतो. आईबाबांनाही हे वाचून दाखवा.

आता निकाल

मैत्रिणी, तुझ्या प्लेअरचे दिवे लागतात आणि पडद्यावर 'नो डिस्क' येतं. म्हणजे यंत्र सीडी वाचण्याच्या पायरीवरच अडलंय. व्हॉल्व्हची पाळी अजून आलेलीच नाही! नवे घातलेस तरी 'नो डिस्क' जाणार नाही. आधी सीडी बरोबर बाजूने घातलीस ना, ते बघ. मग दुकानातून आणलेली, ओरखडे नसलेली एक सीडी लावून पाहा. घरी कॉपी केलेल्या सीडी काही जुने प्लेअर वाचत नाहीत. तरीही अडलं, तर जाणकाराकडून लेसरची भिंग साफ करून घे. प्लेअर महिनाभर नीट वाजत होता आणि मग अडला, त्यामुळे भिंगेवरच्या धुळीवर माझा पहिला संशय आहे. तेवढ्यानेही भागलं नाही, तर लेसर थकला असेल. मग त्याचा भाग मिळतो का, ते विचार. दुरुस्तीवाल्यांशी भांडू नकोस. फक्त शांतपणे विचार, 'काका, व्हॉल्व्ह बदलल्यावर सीडी वाचली जाईल ती कशी?'

आणि बाकीच्यांसाठी हे कोडं. डाव्या स्पीकरमधून करकर येते. दुरुस्तीवाल्याने प्लेअर थंड करून दोन व्हॉल्व्हची अदलाबदल केली. करकर डावीकडेच राहिली. या प्लेअरमध्ये प्रत्येक बाजूला एकेक व्हॉल्व्ह आहे. मग व्हॉल्व्ह दोषी की निर्दोष? आणि तुमचा पुढचा संशय कुणावर? पोस्टकार्डावर लिहून पाठवा, कारणासकट! उत्तर पुढच्या अंकात.