प्रयोग ही चैन नव्हे

युद्ध चालू असताना, माणसे राजकीय कारणांसाठी तुरुंगात असताना कवीने सरळ बोलावे, असे आपल्याकडे पुष्कळजण मानतात. घोषणा चालेल, पोवाडा चालेल, निवेदनावर सही तर हवीच. पण विस्कटलेली अक्षरे, रस्त्यावर चिकटवलेल्या पट्ट्या, पोस्टाने धाडलेले शिक्के हे सारे पोट भरलेल्यांचे खेळ. सामान्य माणसाला ते कळत नाहीत आणि सत्तेवर त्यांचा ओरखडाही उठत नाही. हा झाला एक पूर्वपक्ष. दुसरा पूर्वपक्ष कलेचे सोवळे सांभाळणाऱ्यांचा. त्यांच्या मते प्रयोग हा कलेचा आतला व्यवहार. त्यात निषेध शिरला की कलेचे पत्रक होते. फडके-खांडेकरांच्या काळापासून चाललेल्या कलावाद-जीवनवादाच्या भांडणाने या दोन बाजू इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की दोघांचे गृहीतक एकच आहे, हे ध्यानातच येत नाही. प्रयोग वेगळा, निषेध वेगळा, आणि एकात दुसरा बाहेरून आणून कालवावा लागतो, असे दोघेही धरून चालतात.

हे गृहीतकच मला खोटे वाटते. जिथे सत्तेने भाषा ताब्यात घेतलेली असते, तिथे सरळ वाक्याचा रस्ता बंद झालेला असतो आणि प्रयोग हेच निषेधाचे साधन उरते. हे बोलणे हवेत राहू नये म्हणून १९७० आणि ८० च्या दशकांतल्या दक्षिण अमेरिकेचा दाखला घेतो.

२७ जून १९७३ रोजी उरुग्वेचे अध्यक्ष बोर्दाबेरी यांनी लष्कराच्या बळावर संसद विसर्जित केली. पुढची जवळजवळ बारा वर्षे तो देश हुकूमशाहीत राहिला. कामगार संघटनांवर बंदी आली, वृत्तपत्रे बंद पडली, आणि लोकसंख्येच्या मानाने राजकीय कैदी सर्वांत जास्त असलेल्या देशांत उरुग्वेची गणना होऊ लागली. क्लेमेंते पादिन हे त्या वेळी चौतिशीतले कवी होते. अक्षर हेच चित्र आणि चित्र हीच कविता, हा त्यांचा प्रयोग साठच्या दशकापासून चालू होता आणि ‘ओव्हुम’ नावाचे नियतकालिक ते चालवत. आपल्याकडे लिटल मॅगझिनवाले सायक्लोस्टाइल केलेली पाने हातोहात वाटत होते, त्याच सुमाराची ही गोष्ट. हुकूमशाही आल्यावर छापखाना, दालन, व्यासपीठ यांतले फारसे काही उरले नाही. उरले ते पोस्ट.

पोस्टाने पाठवायची कला, म्हणजे टपाल कला, तेव्हा जगभर मूळ धरत होती. पोस्टकार्डावर कविता, पाकिटावर रबरी शिक्का, खऱ्या तिकिटाशेजारी स्वतः छापलेले बनावट तिकीट. या मंडळींच्या प्रदर्शनांचे अलिखित नियम असे की जे येईल ते सारे मांडायचे, परीक्षक नेमायचे नाहीत, काही विकायचे नाही, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांची यादी पाठवायची. पादिन यांनी १९७४ मध्ये मोन्तेविदेओत अशा पोस्टकार्डांचे प्रदर्शन भरवले. ज्यांना ही गंमत वाटते त्यांनी तिची रचना नीट पाहावी. पोस्ट सरकारचे, शिक्का मारणारा कारकून सरकारचा, पोस्टमन सरकारचा. दडपशाहीवर बोट ठेवणारे बनावट तिकीट पाकिटावर चिकटले की ते सरकारच्याच यंत्रणेतून सीमेपलीकडे जाते. ही युक्ती आशयाला वरून घातलेला दागिना नाही. ती काढून घेतली तर आशय उंबरठ्याबाहेरही पडत नाही.

लष्कराला हे समीक्षकांच्या आधी कळले. २५ ऑगस्ट १९७७ ला, उरुग्वेच्या स्वातंत्र्यदिनी, पादिन आणि त्यांचे सहकारी होर्हे काराबायो यांना अटक झाली. आरोप होता सशस्त्र दलांच्या नीतिमत्तेची कुचेष्टा केल्याचा. पादिन यांचा वर्षानुवर्षे जमवलेला संग्रह लष्कराने उचलून नेला. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि सव्वादोन वर्षांनी ते बाहेर आले. मधल्या काळात अमेरिकेतले कवी जेफ्री कुक आणि इतर अनेक टपाल कलावंतांनी त्यांच्या सुटकेची मोहीम चालवली. वकिलातींना आणि सरकारी कार्यालयांना पत्रे गेली. केवळ या पत्रांनी तुरुंगाचे दार उघडले, असे मी म्हणणार नाही. पण ही मोहीम उभी राहू शकली, कारण तिचे जाळे आधीपासून विणलेले होते. देशोदेशींचे पत्ते, एकमेकांच्या अक्षराची ओळख, सांगितलेले काम लगेच करण्याची सवय. या कलेला वाचकाऐवजी उत्तर देणारा लागत असे, आणि पाठवणारा तुरुंगात गेला तेव्हा ते उत्तर देणारे जागे झाले. ‘हातात काय पडले?’ असे विचारणाऱ्यांनी याचाही हिशेब धरावा.

शेजारच्या अर्जेंटिनात, ला प्लाता शहरात, एदगार्दो आन्तोनियो विगो हे याच वाटेचे ज्येष्ठ कलावंत होते. लाकूडठशांचे, सुट्या पानांचे, वाचकाने हाताळून पुरे करायचे अंक ते काढत. जुलै १९७६ मध्ये, तिथल्या लष्करी राजवटीत, त्यांचा मुलगा आबेल लुईस याचे अपहरण झाले. घरी त्याला पालोमो म्हणत. तो परत आला नाही. विगो यांनी त्याच्या सुटकेची मागणी करणारे शिक्के बनवले आणि जगभर जाणाऱ्या पाकिटांवर ते उठवत राहिले. त्याच वर्षी लष्करी राजवटीखालच्या ब्राझीलमध्ये, रेसिफे शहराच्या मुख्य पोस्टाच्या इमारतीत पाउलू ब्रुस्की आणि दानियेल सान्तियागो यांनी भरवलेले टपाल कलेचे प्रदर्शन उघडताच काही मिनिटांत बंद पाडले गेले आणि दोघांना अटक झाली. प्रयोगशील कलावंत जीवनाकडे पाठ फिरवतो, असे म्हणणाऱ्यांनी एकदा विगो यांच्याकडे पाहून ते म्हणून दाखवावे. हरवलेल्या मुलाचे नाव रबरात कोरणाऱ्या बापाला रूपवादी ठरवणारी समीक्षा माझ्या लेखी माणुसकीलाच मुकलेली आहे.

आता ‘लोकांना कळत नाही’ या आक्षेपाकडे वळतो. तो सगळ्यांत जास्त वेळा केला जातो, आणि मला वाटते तपासला सगळ्यांत कमी जातो.

चिलेमध्ये ११ सप्टेंबर १९७३ ला पिनोचेने लष्करी उठाव करून सत्ता बळकावली. त्याच दिवशी वालपाराइसोत पकडलेल्या तरुणांमध्ये राउल सुरिता हा कवी होता. मालवाहू जहाजाच्या तळघरात कैद्यांना कोंडले, त्यांत त्यालाही डांबले गेले. सुरिता, कादंबरीकार दियामेला एल्तित, चित्रकार लोत्ती रोसेनफेल्ड आणि हुआन कास्तियो, समाजशास्त्रज्ञ फेर्नान्दो बाल्सेल्स या पाचजणांनी १९७९ मध्ये एक गट केला. पहिली कृती म्हणून त्यांनी सान्तियागोच्या एका गरीब वस्तीत अर्ध्या लिटरच्या शंभर दूधपिशव्या वाटल्या. दूध ते काय, आणि त्यात कला ती कोणती? पण पिनोचेने उलथवलेल्या सालवादोर आयेंदे यांच्या सरकारने प्रत्येक मुलाला रोज अर्धा लिटर दूध देण्याचे वचन दिले होते. आयेंदे हे नाव उच्चारणे धोक्याचे झालेले असताना ‘अर्धा लिटर’ या मापानेच ते उच्चारले गेले, आणि वस्तीतल्या कोणत्याही आईला त्यासाठी टीप लागली नाही. त्याच वर्षी रोसेनफेल्ड यांनी सान्तियागोच्या एका हमरस्त्यावर गाड्यांच्या मार्गिका आखणाऱ्या तुटक रेषांवर आडव्या पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक रेषेचा क्रूस झाला. मैलभर क्रूसच क्रूस. रस्ता कोणी आखून दिला आणि आपण तो निमूट का पाळतो, हा प्रश्न त्या पट्ट्यांनी विचारला, तोही छापखान्याशिवाय आणि भाषणाशिवाय.

आणि मग १९८३ मध्ये, उठावाला दहा वर्षे होत असताना, याच गटाने शहराच्या भिंतींवर दोनच खुणा रंगवायला सुरुवात केली. ‘नो’, आणि त्यापुढे अधिकचे चिन्ह. स्पॅनिशमध्ये ते चिन्ह ‘मास’ असे वाचतात, म्हणून दोन्ही मिळून ‘आता पुरे’. पुढची जागा मोकळी. ती लोकांनी भरली. कोणी पुढे ‘भीती’ लिहिले, कोणी ‘छळ’, कोणी ‘बेपत्ता माणसे’, कोणी बंदुकीचे चित्र काढले. काही काळाने कलावंतांना रंगाचा डबा हातात धरण्याची गरज राहिली नाही. मोर्च्यांच्या फलकांवर लोकच ते लिहू लागले. आकाराने एवढी छोटी, रचनेने एवढी धाडसी आणि पसाऱ्याने एवढी मोठी कविता विसाव्या शतकात फारशी झालेली नाही, असे मी जबाबदारीने म्हणतो. तिचे अर्धे अंग रिकामे ठेवण्याचा निर्णय पूर्णपणे प्रयोगशील होता. ते अंग भरून काढणारे मात्र तेच ‘सामान्य लोक’ होते, ज्यांच्या वतीने आपले टीकाकार दुर्बोधतेची तक्रार करत असतात. लोकांना प्रयोग कळत नाही हे खरे नाही. ज्यात त्यांना जागा ठेवलेली नाही, तो प्रयोग ते सोडून देतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

त्याच वर्षी २१ सप्टेंबरला ब्वेनोस आयरेसच्या प्लासा दे मायो चौकात याहून थोर गोष्ट घडली. अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्यांच्या आयांचा मोर्चा होता. रोदोल्फो आगेर्रेबेर्री, हुलिओ फ्लोरेस आणि गियेर्मो केक्सेल या तीन कलावंतांनी कल्पना मांडली की बेपत्ता माणसांच्या पूर्णाकृती बाह्यरेषा कागदावर काढून उभ्या करायच्या. आयांनी ती आपली म्हणून घेतली. मोर्च्यातली माणसे कागदावर आडवी होत, दुसरा कोणी त्यांच्या अंगाभोवती रेघ मारी, आणि तो रिकामा देह भिंतीवर चिकटे. गरोदर स्त्रिया उचलल्या गेल्या होत्या, म्हणून गरोदर आकृत्या झाल्या; मुले नेली होती, म्हणून मुलांच्या झाल्या. जिवंत माणसाने आपले अंग काही क्षण नाहीशा झालेल्याला उसने द्यायचे. चौकात आलेल्या माणसाला हे समजवायला कोणता समीक्षक लागला असेल? ‘हजारो लोक बेपत्ता आहेत’ हे वाक्य सरळ आहे, पण सरकार तेच नाकारत होते. भिंतीवर उभा राहिलेला माणूसभर आकार नाकारणे अवघड होते.

सोवळ्यातल्या कलावाद्यांना माझे उत्तर वेगळे आहे. निषेधाने कलेचा कस उतरतो, असे त्यांना वाटते. ब्राझीलचे कलावंत सिल्दू मेइरेलिस पाहा. व्लादिमीर हर्झोग हा पत्रकार ऑक्टोबर १९७५ मध्ये साओ पाउलोच्या लष्करी कोठडीत मेला. लष्कराने आत्महत्या जाहीर केली. मेइरेलिस यांनी चलनी नोटांवर शिक्का मारला: हर्झोगला कोणी मारले? आणि त्या नोटा खर्चून टाकल्या. पत्रक माणूस फाडतो, नोट कोणी फाडत नाही. ज्याच्या हातात ती नकोशी होते, तोही ती पुढे सरकवतो. माध्यमाचा इतका काटेकोर विचार निषेधाच्या गरजेतूनच आला. उरुग्वेच्या तुरुंगात राजकीय कैदी मावरिसियो रोसेन्कोफ सिगारेटच्या पातळ कागदांवर कविता लिहीत आणि त्या धुवायच्या कपड्यांच्या शिवणीत दडवून बाहेर पाठवत. तिथे ओळीची लांबी कागदाच्या बोटभर रुंदीवर आणि पहारेकऱ्याच्या नजरेवर ठरत होती. छंदशास्त्राने घालून दिलेल्या कोणत्याही बंधनाइतकीच ती शिस्त कठोर होती.

‘हे तर निर्धोक खेळ’ या आरोपाला रशियाने अलीकडेच उत्तर दिले आहे. ३१ मार्च २०२२ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या एका दुकानात साशा स्कोचिलेन्को या कलावंत स्त्रीने मालाच्या किमतींच्या चिठ्ठ्या काढून त्याच आकाराच्या दुसऱ्या चिठ्ठ्या लावल्या; त्यांवर युक्रेनमधल्या युद्धाची माहिती होती. एका ग्राहकाने तक्रार केली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा ठोठावली. कैद्यांच्या अदलाबदलीत ऑगस्ट २०२४ मध्ये ती सुटली. मॉस्कोत मायाकोव्हस्कीच्या पुतळ्यापाशी सैन्यभरतीविरुद्ध कविता म्हणणारे आर्त्योम कामार्दिन यांनाही सात वर्षांचीच शिक्षा झाली. एकाने थेट कविता म्हटली, दुसरीने किमतीची चिठ्ठी बदलली, आणि राज्यसत्तेने दोघांना एकाच मापाने मोजले. किमतीच्या चिठ्ठीएवढ्या कागदात काय आहे हे ज्या सरकारला समजते, त्याच्याहून कमी समज आपल्या साहित्यचर्चेने दाखवू नये.

एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करतो. प्रयोगाच्या नावाखाली पुष्कळ पोकळ माल खपतो आणि दूरवरच्या युद्धाचे दुःख शोभेला वापरणारी प्रदर्शनेही भरतात. त्यांची बाजू मी घेणार नाही. माझी कसोटी साधी आहे: हा आकार नसता तर हे म्हणणे पोहोचले असते का? विगोंचा शिक्का, रिकामा देह, नोट, अर्धी कविता, या प्रत्येकाचे उत्तर ‘नाही’ असे येते. जिथे उत्तर ‘हो’ येते, तिथे सरळ लेख लिहावा आणि तो निर्भयपणे लिहावा. १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध व्यासपीठावरून सरळ बोलल्या, तेव्हा त्यांना बोलायला व्यासपीठ होते आणि त्यांनी त्याचे मोल पुढे कारावासाने चुकवले. ज्याला व्यासपीठच नाही, त्याने पाकीट निवडले, भिंत निवडली, यात डावे-उजवे करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, की हे सारे अखेर संग्रहालयांत जाऊन निवले. काही गेलेच आहे, आणि ते जपले गेले याचा मला आनंदच आहे. लष्कराने नेलेल्या संग्रहाचे काय होते, हे पादिन यांना विचारा. पण निवले म्हणावे तर २०१६ चे चिले पाहावे. खासगी निवृत्तिवेतन कंपन्यांविरुद्ध तिथे मोठमोठे मोर्चे निघाले, आणि त्या आंदोलनाचे नावच ‘नो’, अधिकचे चिन्ह आणि पुढे त्या कंपन्यांची आद्याक्षरे असे होते. मोर्च्यातल्या तरुणांपैकी अनेकांचा १९८३ मध्ये जन्मही झालेला नव्हता. भिंतीवरची मोकळी जागा त्यांनीही भरली होती.