माठ वाजवावा, तशी बोट वाजवावी!



आजी बाजारात माठ घेताना काय करते, पाहिलंय ना? बोटाने टिचकी मारते. ‘टण’ वाजला तर पैसे काढते, ‘भद्द’ वाजला तर माठ परत ठेवते. अशाच एका टिचकीने गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्हाला मोठ्या संकटातून वाचवलं. मात्र ती माठावर नाही, मोटारबोटीवर मारली होती!

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात समुद्र नाही, पण अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं मोठं जलाशय आहे. प्रवरा नदीवरचं ते धरण १९२६ साली पूर्ण झालं. माझा दादा त्याच भागात राहतो. पर्यटकांना फिरवावं म्हणून त्याने एक जुनी फायबरग्लासची बोट विकत घेतली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अंगणात आणली. रंग उडालेला, बुडाला हातभर चीर!

दादा म्हणाला, “चिरेत लांबी भरू, रंगाचे दोन हात मारू. काजव्यांच्या हंगामाआधी बोट पाण्यात!” मीही मान डोलावली. खोटं कशाला सांगू?

आता फायबरग्लास म्हणजे काय? काचेचे केसासारखे बारीक धागे असतात. त्यांची चटई रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवायची. रेझिनमध्ये आधी थोडा हार्डनर मिसळलेला असतो, त्यामुळे तो घट्ट होतो. धागे ताण सोसतात, रेझिन त्यांना धरून ठेवतो. असे थर एकावर एक चढवले की हलकं, मजबूत कवच तयार होतं. ते गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. पण बोटीच्या मागच्या उभ्या भागावर इंजिन टांगतात. तिथे ताकद हवी म्हणून पुष्कळ बोटींत दोन थरांच्या मध्ये प्लायवूड घालतात.

सहावीतली माझी भाची स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने बोट वाजवत बसली होती. टण, टण, टण... भद्द! “आत्या, इथे माठ फुटका आहे!”

आम्ही हसलो. मग मीही वाजवून पाहिलं आणि माझं हसू थांबलं. इंजिन टांगायची तीच जागा! दादाने ड्रिलने भोक पाडलं, तर आतून तपकिरी पाणी गळायला लागलं. वरचं कवच धडधाकट, पण आतलं प्लायवूड चहात बुडवलेल्या पावासारखं झालेलं. जुन्या स्क्रूंची भोकं कोणी बुजवली नव्हती. तिथूनच पाणी वर्षानुवर्षं आत झिरपलं होतं. आम्ही नुसता रंग मारला असता, तर भर पाण्यात, माणसं बसलेली असताना, इंजिन उखडून पडलं असतं.

दादा बराच वेळ ओट्यावर गप्प बसून राहिला. हंगाम हातचा जाणार होता. मग उठला आणि म्हणाला, “आण ग्राइंडर.”

कुजलेलं सगळं काढलं. मे महिन्याच्या उन्हात बोट खडखडीत वाळवली. नवं प्लायवूड बसवून त्यावर काचचटईचे थर चढवले. चिरेतही नुसती लांबी भरली नाही. तिच्या कडा दोन्ही बाजूंनी उतरत्या घासल्या. चिकटायला जागा जास्त मिळाली, की जोड पक्का होतो. एकदा मी घाईत हार्डनर जास्त ओतला. डबा तापला आणि धूर यायला लागला! शंभर भागांना एक-दोन भाग, हे माप मला कायमचं पाठ झालं.

(मुलांनो, हे काम तुमचं नाही बरं का. रेझिनची वाफ आणि काचेची धूळ वाईट. आम्हीही मास्क, चष्मा, हातमोजे घालूनच काम केलं.)

लाकूड आत घालणं यात काही चूक नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली. तिच्याही आत लाकडी पट्ट्या आणि दोन्ही बाजूंनी काचधाग्यांचं कवच आहे. याच नौकेतून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परतले. लाकडापर्यंत पाणी पोहोचू दिलं नाही, तर असं काम समुद्रालाही पुरून उरतं!

आमची बोट मात्र काजव्यांच्या हंगामात पाण्यात गेली नाही, पावसाळ्यातही नाही. दिवाळीच्या सुट्टीत गेली. आधी वाळूची पोती भरून काठाशी तरंगवली. आतली प्रत्येक जागा हाताने चाचपली. कोरडी! तपासणीचे कागद हातात आल्यावरच दादाने माणसं बसवली, तीही लाइफ जॅकेट घालून.

आईबाबांनो, मुलाची वही पाहताना आपण अक्षर सुंदर म्हणून खूश होतो. हातचा विसरला असेल, तर सुंदर अक्षरातलंही उत्तर चूकच. तिथेही एक टिचकी मारून पाहा. आणि भद्द वाजलं, तर रागावू नका. सापडलं, हेच चांगलं झालं!

मुलांनो, या आठवड्यात घरातली दारं, कपाटं, भिंती वाजवून पाहा. कुठे टण, कुठे भद्द? वहीत लिहून ठेवा. भेटू पुढच्या अंकात!

तुमच्या
बाई