अश्लील होता, पण...

लेनी ब्रूसचा विषय निघाला की आपल्याकडच्या चर्चासत्रांत आणि वर्गांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "तो अश्लील होता, पण त्याच्या अश्लीलतेमागे सामाजिक आशय होता." वाक्य सोयीचे आहे. बोलणाऱ्याची अभिरुची शाबूत राहते, त्याचे पुरोगामित्वही शाबूत राहते आणि ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेत लिहायला एक ओळ मिळते. आम्हीही हे वाक्य अनेकदा वापरले आहे. म्हणूनच त्याच्याविरुद्ध लिहिण्याचा थोडाफार अधिकार आम्हांला आहे असे आम्ही समजतो.

आमचा आक्षेप त्या वाक्यातल्या 'पण'ला आहे. शालेय व्याकरणात याला न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय म्हणतात. नाव अगदी नेमके आहे. 'पण'च्या आधी जे येते त्यात काहीतरी उणे आहे आणि नंतर जे येते त्याने ते भरून निघते, असा त्याचा अर्थ. म्हणजे ब्रूसचे अश्लील बोलणे हे उणेपण, त्याची सामाजिक जाणीव ही भरपाई. या हिशेबाने ब्रूसची आठवण काढणे म्हणजे त्याच्यावरचा मूळ आरोप मान्य करून शिक्षेत सूट मागणे होय. त्याच्या जन्माला शंभर वर्षे होऊन गेली तरी आपण अजून त्याचे वकीलच राहिलो आहोत, वाचक झालेलो नाही.

आधी हकीकत. १९२५ साली जन्मलेला हा विनोदकार १९५०च्या दशकात अमेरिकेच्या नाइटक्लबांतून पुढे आला. एक माणूस, एक मायक्रोफोन आणि अखंड बोलणे. विषय धर्माचा धंदा, वंशद्वेष, लग्न, लैंगिकता आणि या सर्वांबद्दलचा सार्वजनिक खोटेपणा. १९६१ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका शब्दासाठी त्याला अटक झाली. तो खटला क्लेटन हॉर्न या न्यायाधीशांपुढे चालला. याच हॉर्न यांनी १९५७ साली गिन्सबर्गच्या 'हाउल'ला निर्दोष ठरवले होते. ब्रूसही सुटला. त्यानंतर मात्र अटकांचे सत्रच सुरू झाले. १९६३ साली इंग्लंडने त्याला देशात येऊ दिले नाही. एप्रिल १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या 'कॅफे ओ गो गो' या ठिकाणी त्याला पुन्हा पकडले. त्याच्याबरोबर मालक हॉवर्ड सॉलोमन यांनाही. ४ नोव्हेंबर १९६४ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने दोघांना दोषी ठरवले आणि डिसेंबरमध्ये ब्रूसला चार महिन्यांची कैद सुनावली. अपील होईपर्यंत तो जामिनावर बाहेर होता, तरी क्लबांचे मालक त्याला बोलावीनात. परवाना कोणाला गमवायचा होता? १९६५ साली तो दिवाळखोर ठरला आणि ३ ऑगस्ट १९६६ रोजी मॉर्फिनच्या अतिमात्रेने मरण पावला. वय चाळीस.

या न्यूयॉर्कच्या खटल्यातला एक प्रसंग साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवा. परवाना खात्याचा हर्बर्ट रूह नावाचा निरीक्षक ब्रूसच्या प्रयोगाला जाऊन बसला, टिपणे काढली आणि न्यायालयात त्या टिपणांवरून त्याने प्रयोगाचा मजकूर सांगितला. त्यात ठेका नव्हता, थांबे नव्हते, नकला नव्हत्या. उरले ते सुटे शब्द, आणि तेही सरकारी आवाजात. यावर ब्रूसची तक्रार अशी होती की, फसतो आहे तो या माणसाचा प्रयोग आणि तुरुंगात जाणार मी. पुढे ध्वनिफितीही वाजवल्या गेल्या. आपला प्रयोग न्यायासनासमोर स्वतः करून दाखवू द्यावा ही ब्रूसची विनंती मात्र मान्य झाली नाही.

आम्हांला हा केवळ न्यायालयीन किस्सा वाटत नाही. अश्लीलतेवरच्या बहुतेक वादांत संहितेचे असेच होते. प्रथम शब्द प्रयोगातून उपटून काढायचा, कागदावर टाचायचा आणि मग विचारायचे की हा घाण आहे की नाही. मग तो घाण दिसणारच. हे फक्त तक्रारदार करतात असे नाही. 'सामाजिक आशय' शोधणारे समीक्षकही हेच करतात, फक्त उलट बाजूने. निरीक्षक शब्द उचलतो आणि आशय टाकतो. समीक्षक आशय उचलतो आणि शब्द टाकतो. प्रयोग दोघांच्याही हातून निसटतो.

ब्रूसच्या बाजूने न्यूयॉर्कचे साहित्यविश्व उभे राहिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. गिन्सबर्गच्या पुढाकाराने निघालेल्या निवेदनावर लायनेल ट्रिलिंग, नॉर्मन मेलर, जेम्स बॉल्डविन, सुझन सोंटाग यांच्या सह्या होत्या. समीक्षक आणि पत्रकार साक्षीला आले. पण साक्ष देताना त्यांना एक विशिष्ट भाषा बोलावी लागली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७च्या रॉथ निकालात असे सूत्र घालून दिले होते की, अश्लील म्हणजे ज्याला सामाजिक महत्त्व मुळीच नाही ते. तेव्हा साक्षीदारांनी ब्रूसचे सामाजिक महत्त्व सिद्ध करणे भागच होते. आरोपीला वाचवण्यासाठी ते योग्यच होते, आम्हीही तेच केले असते. चूक पुढची आहे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातली ही भाषा समीक्षेने घरी नेली आणि ती आजतागायत परत केलेली नाही. कायद्यापुढचा बचाव हा कलेचा निकष होऊन बसला.

त्याचे नुकसान काय होते हे एका उदाहरणाने दाखवतो. केनेडींच्या हत्येनंतर मोटारीच्या मागच्या भागावर चढणाऱ्या जॅकलीन केनेडी यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. त्या मदत आणण्यासाठी जात होत्या असे स्पष्टीकरण वृत्तपत्रांनी दिले. ब्रूसने ते साफ नाकारले. बाई जीव वाचवायला पळत होती, कोणीही पळाले असते, असे तो रंगमंचावरून म्हणे, आणि म्हणताना पळण्यासाठी नितंबांचा उल्लेख असलेला अगदी रस्त्यावरचा वाक्प्रचार वापरी. ताज्या दुःखाची ही विटंबना आहे असे अनेकांना वाटले आणि खटल्यातही हा भाग गाजला. परंतु ब्रूसचा रोख कुठे होता? ज्यांच्या मुलींना उद्या असा प्रसंग येईल आणि ज्या घाबरून पळतील, त्यांना जन्मभर अपराधी वाटू नये. थांबणारी ती चांगली बायको आणि पळणारी ती वाईट, हे खोटे त्यांना शिकवू नका, असे तो सांगत होता.

आता यातून असभ्य शब्द काढून पाहा. 'त्या स्वाभाविक भीतीपोटी दूर जात होत्या' असे म्हणून पाहा. विधान तेच राहते, विनोद जातो आणि विनोदाबरोबर युक्तिवादही जातो. कारण 'राष्ट्राची विधवा' या पुतळ्याला पुन्हा शरीर देण्याचे काम तो हलका शब्दच करीत होता. पुतळा पळत नाही; ज्याला पार्श्वभाग आहे तो पळतो. इथे अश्लीलतेमागे आशय नाही, अश्लीलता हाच आशय आहे. पतिव्रतेच्या आदर्शावर टनावारी कागद खर्ची घातलेल्या आपल्या समाजाला हे कळायला जड जाऊ नये.

आपल्या काव्यशास्त्राला तर हे फार पूर्वी कळले होते. मम्मटाने अश्लील हा काव्यदोष मानला, त्याचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार केले आणि 'ग्राम्य' हा त्याहून वेगळा दोष मानला. बोलणारा कोण, प्रसंग कोणता यावरून दोषही कधी गुण ठरतो, हेही त्याने नमूद केले. 'चतुर्भाणी'तल्या भाणांत एकच नट वेशवस्तीतून हिंडतो, न दिसणाऱ्या माणसांशी बोलतो आणि प्रतिष्ठितांची लफडी चव्हाट्यावर आणतो. एकट्याने उभे राहून चावट बोलण्याचे हे रंगमंचीय शास्त्र आपल्याच घरात होते. ज्यांना असा विनोद हे पाश्चात्त्य खूळ वाटते त्यांनी निदान आपल्या अडगळीची खोली तपासावी.

फार मागे जायचे नसेल तर गवळणीतली मावशी आणि वगातला सोंगाड्या आहेत. दादा कोंडके आहेत. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'तले कोंडके आपल्या समीक्षेला चालतात, कारण तिथे राजकीय उपहास आहे आणि 'पण' लावता येतो. नंतरच्या चित्रपटांतले कोंडके 'पण'विना उरतात, म्हणून ते टाकाऊ. दोन्ही ठिकाणी त्यांचा विनोद चालतो कसा, हे पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेतले नाहीत. कोंडक्यांचे तंत्र श्लेषाचे. चेहरा बावळट, वाक्य निरागस. अश्लील अर्थ पुरा करतो तो प्रेक्षक, आणि मग चोरी पकडली गेल्यासारखा हसतो. ब्रूसचे तंत्र नेमके उलटे. त्याच्या शब्दाला दुसरा अर्थ नसतो. पहिलाच अर्थ तो झाकणाशिवाय समोर ठेवतो. एक झाकून हसवतो, दुसरा उघडे करून हसवतो. या दोघांना 'कंबरेखालचा विनोद' या एकाच टोपलीत टाकणाऱ्या समीक्षेला विनोदातले काय कळते, हा प्रश्न आम्ही नम्रपणे विचारतो.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे. ते आम्ही हलके मानीत नाही. 'पण' काढून टाकलात तर मग वाट्टेल ते चालेल काय? हातातल्या फोनवर चोवीस तास शिव्यांचा रतीब चालू आहे, तोही ब्रूसचा वारसा मानायचा काय? आमचे उत्तर असे की, 'पण' काढला म्हणजे निवड संपत नाही, तेव्हाच ती सुरू होते. शब्द काढल्यावर विनोद तसाच उभा राहत असेल तर तो शब्द भरताड आहे. शब्द काढल्यावर काहीच उरत नसेल तर विनोद मुळात नव्हताच. शब्द काढल्यावर विचारच बदलत असेल तर तो शब्द लेखनाचा भाग आहे. हे तपासायला पोलीस लागत नाही, कान लागतो.

या कसोटीवर ब्रूसही सर्वत्र उतरत नाही. वंशवाचक शिव्या सतत उच्चारीत राहिल्या की त्यांतले विष निघून जाईल, असे त्याचे प्रसिद्ध प्रतिपादन होते. साठ वर्षांचा अनुभव त्याच्या बाजूने नाही. शब्द झिजले नाहीत, कारण विष शब्दात नव्हते, शब्द उच्चारणाऱ्याच्या सत्तेत होते. जातिवाचक शिव्यांचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे सांगायला नको. शेवटच्या वर्षांत तर तो रंगमंचावर खटल्यांची कागदपत्रेच वाचीत उभा राही आणि हसायला आलेले लोक कंटाळून जात. ही त्याच्या कलेची हार होती आणि ती तशी म्हटली पाहिजे. 'पण'वाले हे म्हणू शकत नाहीत. त्यांचा आरोपी निर्दोष असावा लागतो. आम्हांला तो फक्त वाचण्याजोगा असला तरी पुरे.

हा वाद दूरच्या देशातला नाही. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२च्या एका दिवाळी अंकात आली आणि तिच्यावरचा अश्लीलतेचा डाग पुसायला सर्वोच्च न्यायालयाचा १९६९चा निकाल यावा लागला. वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालातून असे निष्पन्न झाले की, ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घातला तर कसोटी अधिक कडक होते. माफी मागितलेल्या प्रकाशकाची सुटका झाली, कवीची झाली नाही. पुतळ्याला शरीर देणे हाच गुन्हा, हे ब्रूसच्या खटल्यातले तत्त्व इथे वेगळ्या भाषेत पुन्हा भेटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका विनोदी कार्यक्रमातल्या गलिच्छ प्रश्नावरून ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले. तो प्रश्न आमच्या कसोटीवर भरताडच ठरतो. तरीही त्याची योग्य शिक्षा प्रेक्षागृहातली शांतता हीच होती. वाईट विनोदाला फौजदारी प्रतिष्ठा दिली की वाईट विनोदकार हुतात्मा होतो आणि चांगल्या विनोदकाराला वाईटाच्या रांगेत उभे राहावे लागते.

सॉलोमन यांची शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली. ब्रूसचे अपील त्याच्या हयातीत पुरे झाले नाही, म्हणून त्याचा दोष कागदोपत्री तसाच राहिला. अखेर २३ डिसेंबर २००३ रोजी न्यूयॉर्कचे राज्यपाल जॉर्ज पटाकी यांनी त्याला माफी दिली. त्या राज्यात मरणोत्तर माफीची ती पहिलीच वेळ. अनेकांना ती न्यायाची परतफेड वाटली. पण माफी निर्दोषाला देत नाहीत. गुन्हा झाला होता, आम्ही तो पोटात घालतो, असे ती म्हणते. सरकारने तेवढे केले हेही थोडे नव्हे; सरकारची भाषा तीच असते.

साहित्याच्या शिक्षकाला ती भाषा बोलण्याची सक्ती नाही. पुढच्या वेळी वर्गात ब्रूस शिकवताना, किंवा मावशीचे संवाद वाचताना, आपण वाक्य 'अश्लील होता'पाशी थांबवून पाहावे. तिथे पूर्णविराम द्यावा. मग विद्यार्थ्यांना विचारावे की त्या अश्लीलतेने नेमके काय केले, कोणावर केले, आणि ते नीट केले का. कोणी लाजेल, कोणी हसेल, कोणी रागाने उठून जाईल. उठून जाणाऱ्याशीही बोलता येते. 'पण' लिहून घेऊन वही मिटणाऱ्याशी बोलायला काही उरत नाही.